नेम शिंगांवर, नुकसान शेतात

अक्कलकोट तालुक्याच्या कडेला, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेले दुधनी हे तुरीच्या बाजारपेठेचे गाव. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ते आहे आणि भोवतालच्या काळ्या रानात तूर, उडीद, मूग, हरभरा, ज्वारी पिकवणारा शेतकरी आपला माल इथल्या बाजार समितीत आणतो. याच रानात काळविटांचे कळप फिरतात. मराठी बोलणारे त्यांना नुसते हरीण म्हणतात, कन्नड बोलणारे चिगरी म्हणतात. गाऱ्हाणे मात्र दोन्ही भाषांत एकच असते. उगवून वर आलेल्या हरभऱ्याचे शेंडे खुडले जातात, मुगाच्या ओळी तुडवल्या जातात आणि रात्रभर राखण करूनही पहाटे शेताचा एखादा कोपरा मोकळा झालेला दिसतो. अशा वेळी एक मागणी अधूनमधून उठते. अमेरिकेत हरणे फार झाली की सरकार शिकारीचा हंगाम उघडते, परवाने विकते, लोक धनुष्यबाण घेऊन रानात जातात. तिथे हरणेही टिकली आणि सरकारला पैसाही मिळाला. मग इथेच काळविटाला हात लावायचा नाही हा हट्ट कशासाठी? मागणी करणाऱ्याचे नुकसान खरे आहे, म्हणून तिला भावनेने नव्हे, हिशेबाने उत्तर द्यायला हवे. माझे म्हणणे असे की माजाच्या हंगामातली शिकार ही मुळात नराची शिकार असते. नर मारून कळप घटत नाही, आणि कळप घटला नाही तर पीक वाचत नाही. शिकारीचा हंगाम आणि शेताचे संरक्षण ही दोन वेगळी कामे आहेत. एकाच्या नावाने दुसरे मागितले, तर शेतकऱ्याच्या हातात काहीच पडणार नाही.

अमेरिकेतल्या शिकारीचे स्वरूप आधी नीट समजून घेऊ. तिथले मुख्य हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरीण. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले की नराच्या शरीरात बदल सुरू होतो. शिंगांवरची मखमली कातडी गळते, मान जाड होते, आणि एरवी रात्री वावरणारा, माणसाची चाहूल लागताच नाहीसा होणारा हा प्राणी नोव्हेंबरच्या मध्याला भर दिवसा मोकळ्यावर येतो. मादी माजावर असते ती जेमतेम एक दिवस. तेवढ्यात फळली नाही तर सुमारे २८ दिवसांनी पुन्हा माजावर येते. तो एक दिवस चुकू नये म्हणून नर मैलोन्‌मैल हिंडतो, खाणे जवळजवळ सोडतो, हंगाम संपेपर्यंत पाव हिश्शापर्यंत वजन गमावतो. तो झाडाच्या खोडावर शिंगे घासतो, पायाने जमीन उकरून तिथे आपला वास ठेवतो. धनुर्धारी शिकारी हे सगळे वाचतो. उकरलेल्या जागेपासून वीस-तीस पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला झाडावर मचाण बांधून तो थंडीत तासन्‌तास न हलता बसतो. दोन शिंगे एकमेकांवर आपटून दोन नर झुंजत असल्याचा आवाज काढतो, आणि तो ऐकून तिसरा नर झुंजीसाठी धावत येतो. कप्पी लावलेले आधुनिक धनुष्य हातात असले तरी बाण लांबून टाकता येत नाही. जनावर जवळ येईपर्यंत थांबावे लागते आणि कोन बरोबर नसेल तर सोडून द्यावे लागते. यात कसब आहे, संयम आहे, रानाची खरी ओळख आहे. या माणसांना क्रूर म्हणून मोडीत काढणे मला मान्य नाही.

पण या सगळ्या कसबाचा रोख कुठे आहे ते पाहावे. मचाण ज्या खुणांवर बांधले जाते त्या खुणा नराच्या, शिंगांच्या आवाजाला फसतो तो नर, आणि भिंतीवर लावायला शिंगे असतात तीही नरालाच. १९६१ मध्ये स्थापन झालेला पोप अँड यंग क्लब धनुष्यबाणाने मारलेल्या जनावरांच्या नोंदी ठेवतो, आणि हरणांच्या नोंदींचे मोजमाप शिंगांचे असते. नर हे हरणांच्या संख्येचे सर्वांत ढिले टोक आहे. एक नर अनेक माद्या फळवू शकतो. समजा एका कळपात दहा माद्या आणि पाच नर आहेत. त्यातले तीन नर मारले, तरी पुढच्या हंगामात पाडसे तेवढीच जन्मतील, कारण पाडसांची संख्या माद्यांवर ठरते. त्याच्या जागी तीन माद्या मारल्या असत्या तर हिशेब बदलला असता. इतकी साधी गोष्ट अमेरिकेलाही पुन्हा पुन्हा शिकावी लागली. विस्कॉन्सिन हे धनुर्धारी शिकारीचे जुने राज्य. तिथे १९३४ मध्येच धनुष्यबाणासाठी स्वतंत्र हंगाम उघडला गेला. हरणांची संख्या हाताबाहेर गेल्यावर त्या राज्याने १९९६ मध्ये काही भागांत नियम केला की आधी एक मादी मारा, मगच तुम्हाला शिंगवाला नर मारता येईल. नियमाने माद्या मारल्या गेल्या. पण शिकाऱ्यांमध्ये तो इतका नावडता ठरला की २०११ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तो काढून टाकला. ज्या समाजात शिकार मुरलेली आहे, शिकाऱ्यांची संख्या लाखांत आहे, वनखात्याकडे गणनेची यंत्रणा आहे, तिथेही शिकाऱ्याला मादी मारायला लावण्यासाठी सक्ती करावी लागली आणि ती सक्ती टिकली नाही. हौशी शिकाऱ्याच्या हातून कळप आटोक्यात राहील असे मानणाऱ्याने हे उदाहरण आधी समोर ठेवावे.

आपल्याकडेही माजावरच्या नराला फसवून पकडण्याची विद्या होती, आणि ती अमेरिकेतल्या मचाणापेक्षा कितीतरी जुनी आहे. दुधनीपासून फार लांब नसलेल्या कल्याणी या चालुक्यांच्या राजधानीत बाराव्या शतकात सोमेश्वर तिसरा याने मानसोल्लास हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातल्या मृगयेच्या प्रकरणात पाळीव मृग पुढे करून रानातला मृग धरण्याची रीत येते. अकबराच्या काळच्या आईन-इ-अकबरीतही शिंगांना जाळे बांधून शिकवलेले हरीण रानात सोडल्याचे वर्णन आहे. फासेपारध्यांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालवली. माणसाळवलेल्या काळविटाच्या शिंगांना फास बांधून त्याला कळपाच्या दिशेने सोडायचे. परका नर आपल्या जागेत आलेला पाहून कळपातला काळा नर मान उंचावत, कान पाडून, ठरलेल्या ऐटीत चालत येतो. मग मान खाली घालून भिडतो. पिळदार शिंगे पिळदार शिंगांत अडकतात, फास आवळतो, आणि जो झुंजायला आला तो मागे हटू शकत नाही. दबा धरून बसलेला पारधी धावत येतो. शिंगे आपटून आवाज काढणारा अमेरिकी शिकारी आणि हा पारधी एकाच गोष्टीचा उपयोग करत होते: माजाच्या काळात नराला प्रतिस्पर्धी सोसत नाही आणि त्या भरात त्याची सावधगिरी सुटते. संस्थानिकांनी पाळलेले चित्ते काळविटांवर सोडले जात. कोल्हापूर दरबारात हा शौक विसाव्या शतकातही चालू होता, आणि तिथेही प्रतिष्ठेची शिकार काळा नर हीच होती.

राजाचा शौक आणि पारध्याचे पोट यांत एक फरक होता, आणि तो माझ्या मुद्द्याला फार महत्त्वाचा आहे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला तेव्हा त्यांना दिसले की नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी यांनी रानातली जनावरे जणू आपसांत वाटून घेतली होती. रानडुक्कर, घोरपड, साळिंदर नंदीवाल्यांकडे, पाण्यातली कासवे वैदूंकडे, काळवीट आणि पाखरे फासेपारध्यांकडे. फासेपारधी फाशात सापडलेली गाभण मादी आणि लहान पाडस सोडून देत, हेही त्यांनी नोंदवले. जो वर्षानुवर्षे त्याच माळावर परत येणार आहे, त्याला कळप टिकवायचा असतो. म्हणजे नर धरा आणि मादी सोडा हा नियम कळप राखण्याचा नियम आहे. पारध्याच्या विद्येत जे शहाणपण होते ते नेमके याच बाजूने होते. आज शेतकरी उलट बाजूची मागणी करतो आहे; त्याला कळप कमी हवा आहे. त्याच्यापुढे नराच्या शिकारीचा हंगाम ठेवणे म्हणजे कळप राखण्याची जुनी युक्ती कळप घटवण्याचा उपाय म्हणून त्याच्या गळ्यात मारणे.

काळविटाची राहणी पाहिली तर हा विसंवाद आणखी ठळक होतो. काळवीट हे शिंगे गाळणारे हरीण नाही. ते कुरंग आहे, त्याची शिंगे जन्मभर टिकतात. त्याचा माज अमेरिकी हरणासारखा एका महिन्यात आटपत नाही. वीण वर्षभर होते, त्यात साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या सुमारापर्यंत एकदा आणि उन्हाळ्यात एकदा असा जोर येतो. या काळात जाणता नर जमिनीचा एक तुकडा धरून बसतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकून तिथे तो ढीग करतो, डोळ्यापुढच्या ग्रंथीचा स्राव गवताच्या काडीला लावतो आणि त्या ढिगापाशी उन्हात उभा राहतो. काळी पाठ, पांढरे पोट, वर उचललेली शिंगे: मैलभरावरून दिसावा म्हणूनच तो उभा असतो. बाणाला किंवा गोळीला याच्याइतके सोपे लक्ष्य माळावर दुसरे नसते. आणि पिकाच्या दृष्टीने याच्याइतके निरुपयोगी लक्ष्यही नसते. तो आपल्या तुकड्याला बांधलेला असतो आणि त्याचा बराच वेळ राखण्यात, हाकलण्यात, माद्यांमागे जाण्यात जातो. शेताशेतांतून फिरत चरतात ते माद्यांचे आणि पाडसांचे कळप, आणि जागा न मिळालेल्या तरुण नरांची टोळकी. जागा धरलेला नर मारला की त्या टोळक्यातला एक पुढे येतो आणि रिकामी जागा घेतो. शेतकऱ्याला दुसऱ्या दिवशी बांधावर तोच कळप दिसतो.

हा प्रयोग आपण केलेला नाही असेही कोणी म्हणू नये. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्याआधी मुंबई राज्यात १९५१ चा वन्यप्राणी आणि पक्षी संरक्षणाचा कायदा होता. त्यात परवाने होते, बंद हंगाम होता. अमेरिकेच्या पद्धतीला जवळची अशीच ती रचना होती. शिवाय धान्याच्या टंचाईच्या त्या वर्षांत पीकसंरक्षणासाठी बंदुकांचे परवाने मुक्तपणे दिले गेले. बंदूक पिकासाठी मिळाली, पण तिचा उपयोग पिकापुरता राहिला नाही. जीप आली, रात्री डोळे दिपवणारे प्रखर दिवे आले आणि उघड्या माळावरचे जनावर पळून जाण्याइतकेही सुरक्षित उरले नाही. एका प्रचलित अंदाजानुसार स्वातंत्र्याच्या वेळी देशात ८० हजारांच्या घरात असलेली काळविटे १९६४ पर्यंत ८ हजारांवर आली होती. हंगामाचा कागद होता, पण हंगाम पाळून घेणारे कोणी नव्हते. १९७२ च्या कायद्याने काळवीट पहिल्या अनुसूचीत घातले, आणि कायद्याने हत्याराच्या व्याख्येत बंदुकीबरोबर धनुष्यबाण, जाळे आणि फासही घेतले. ज्या जनावराला या अनुसूचीत जागा आहे ते पिकाचे नुकसान करते एवढ्या कारणावरून मारता येत नाही. ते माणसाच्या जिवाला धोकादायक असेल, किंवा बरे होण्यापलीकडे जखमी वा रोगी असेल, तरच परवानगी मिळू शकते. सोलापूरच्या माळावर आज काळवीट दिसते ते या कायद्यामुळे. नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले, शेजारच्या जिल्ह्यात रेहेकुरीला १९८० मध्ये खास काळविटासाठी. माळढोक जवळपास गेला, काळवीट वाचले.

आता आक्षेपांकडे येतो. सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. अमेरिकेत १९०० च्या सुमारास पांढऱ्या शेपटीची हरणे पाचेक लाखांपेक्षा जास्त उरली नव्हती, आज ती तीन कोटींच्या आसपास आहेत, आणि या पुनरागमनात शिकाऱ्याच्या खिशातल्या पैशाचा मोठा वाटा आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या कामाला बांधून दिला, पुढे धनुष्यबाणावरही तो लागू झाला. याहून बोलके उदाहरण आपल्याच काळविटाचे आहे. १९३२ मध्ये टेक्सासमध्ये शिकारीसाठी काळविटे सोडली गेली. तिथल्या खासगी कुरणांवर ती इतकी वाढली की १९७० च्या दशकात पाकिस्तानातल्या लाल सुहांराला काळवीट पुन्हा बसवण्यासाठी टेक्सासमधून जनावरे आणली गेली. शिकारीला किंमत मिळाली म्हणून टेक्सासच्या मालकाने काळवीट जपले, मग दुधनीचा शेतकरी का जपणार नाही, असा हा युक्तिवाद आहे. त्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच तो कशावर उभा आहे ते पाहिले पाहिजे. टेक्सासचा मालक हजारो एकरांचा धनी असतो. काळवीट त्याच्या कुंपणात जन्मते, त्याच्या कुंपणात चरते, त्याच्या कुंपणात मरते; नुकसानही त्याचे, परवान्याचे पैसेही त्याचे. दुधनीच्या शिवारात शेतकऱ्याकडे दोन-पाच एकर असतात आणि एक कळप एका रात्रीत अनेकांच्या बांधांवरून जातो. एकाच्या हरभऱ्यात चरलेला नर दुसऱ्याच्या पडीक तुकड्यावर मारला गेला, तर पैसे त्या दुसऱ्याला. परवान्याची रक्कम शासनाच्या तिजोरीत गेली तर ती हरभरेवाल्यापर्यंत परत येईल याची कोणतीच हमी नाही. किंमत जनावराला मिळते शिंगांमुळे, आणि शिंगांची किंमत नुकसान सोसणाऱ्या माणसाकडे वळवणारी जमिनीची रचना आपल्याकडे नाही.

दुसरा आक्षेप असा की नर मारून कळप घटत नसेल तर काही बिघडतही नाही, मग हौस असलेल्यांना थोडे नर मारू द्यावेत आणि शासनाने चार पैसे मिळवावेत. याला युरेशियाच्या गवताळ प्रदेशाने उत्तर दिले आहे. तिथले सायगा कुरंग शिंगांसाठी मारले गेले. शिंगे फक्त नराला, म्हणून नरच मारले गेले. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर ही लूट इतकी वाढली की रशियातल्या कल्मिकियाच्या कळपांत नर शेकड्यात दोन-तीनसुद्धा उरले नाहीत, आणि माद्या असूनही विणीच कोसळली. हा अभ्यास २००३ मध्ये नेचर या नियतकालिकात आला. म्हणजे नर मारणे एका मर्यादेपर्यंत निष्फळ असते आणि त्या मर्यादेपलीकडे एकदम विध्वंसक ठरते. ती मर्यादा पाळायची तर दर वर्षी नर किती, माद्या किती, पाडसे किती हे तालुक्यागणिक ठाऊक हवे. आपल्याकडे अशी मोजणी अभयारण्याच्या हद्दीत होते. काळविटे मात्र बहुतांश हद्दीबाहेर, लोकांच्या शेतांत राहतात. मोजल्याशिवाय दिलेला परवाना म्हणजे १९५१ च्या कायद्याची पुनरावृत्ती.

तिसरा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो: नर नको तर माद्या मारा, पण काहीतरी करा. संख्या खरोखर घटवायची असेल तर तर्क इथेच येऊन पोहोचतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोही यांना परवान्याने मारण्याची वाट शासनाने उघडली आहे. बिहारमध्ये केंद्राने रोह्यांना उपद्रवी ठरवल्यावर २०१६ मध्ये मोकामा भागात दोनशेहून अधिक रोही गोळ्या घालून मारले गेले. काळविटाच्या बाबतीत मी हा मार्ग आज पुढे करणार नाही. एक कारण कायद्याचे आहे, पण ते मुख्य नव्हे, कायदे बदलतात. मुख्य कारण असे की दुसरा मार्ग प्रत्यक्ष चालून पाहिला गेला आहे. २०२५ च्या शरद ऋतूत मध्य प्रदेशाने शाजापूर भागात हेलिकॉप्टरने हाकत, दोन्ही बाजूंना कनातीसारखे पडदे लावून निमुळत्या केलेल्या बोमा नावाच्या कोंडीत शेकडो काळविटे जिवंत धरली आणि अभयारण्यांत नेऊन सोडली. त्यात नर होते, माद्या होत्या, पाडसे होती. कळपच्या कळप उचलला गेला, म्हणून शेतावरचा भार खरा उतरला. हे खर्चीक आहे, सगळीकडे करता येणार नाही, धरताना काही जनावरे दगावण्याचा धोकाही असतो. शिवाय सोडायला मोकळे गवताळ रान लागते, आणि आपण माळरानाला पडीक समजून तिथे झाडे लावतो किंवा ते उद्योगांना देऊन टाकतो. तरीही संख्या घटवण्याचा उपाय म्हणून शिकारीच्या हंगामापेक्षा तो शतपट खरा आहे, कारण त्याचा नेम शिंगांवर नाही.

शिकार झाली की जनावर बिचकते, शेताजवळ येत नाही, असेही म्हटले जाते. भीतीचा परिणाम होतो हे खरे. पण भीती टिकायची तर भीतीचे कारण रोज हजर हवे. हौशी शिकारी वर्षातून काही दिवस येईल, तोही त्याच्या सोयीने. हरभरा उगवल्यापासून घाटे भरेपर्यंत महिनोन्‌महिने राखण करायची ती शेतकऱ्यालाच. माळ्यावर बसून बॅटरी फिरवणे, गोफण, फटाके, बांधावर जुन्या साड्या बांधणे, हे सगळे तो आजही करतो. याचा खर्च कोणी मोजत नाही. झोप गेली तर दुसऱ्या दिवशीची मजुरी जाते, बायकामुलांना पाळीने शेतात थांबावे लागते, ज्याच्या घरात माणूसबळ कमी त्याचे शेत आधी खाल्ले जाते. काळवीट वाचवण्याचा निर्णय सगळ्या समाजाने घेतला आणि त्याची किंमत मात्र कोरडवाहू शेतकऱ्याने एकट्याने भरली. माझा रोख शिकारीला नाही म्हणण्यापुरता असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. शिकारीची मागणी उठते ती भरपाई पोहोचत नाही म्हणून, आणि ती पोहोचत नाही त्याला कारण तिची रचना आहे.

वन्यप्राण्यांनी पिकाचे नुकसान केले तर भरपाई देण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत तक्रार करायची, मग पंचनामा, मग रक्कम, तीही एका कमाल मर्यादेत. रानडुकराने एका रात्रीत अर्धा एकर उकरला तर हा मार्ग निदान सुरू तरी करता येतो. काळविटाचे खाणे तसे नसते. ते आज दोन ओळींचे शेंडे, चार दिवसांनी आणखी तीन ओळींचे, असे पसरते. नुकसान नेमके कोणत्या तारखेला झाले हे सांगता येत नाही आणि पंचनाम्याला माणूस येईपर्यंत खुडलेल्या रोपाला बाजूने फूट आलेली असते. डोळ्याला शेत हिरवे दिसते, उतारा मात्र घटतो. अशा सावकाश नुकसानीला घटनेवर आधारलेला पंचनामा कधीच पकडू शकणार नाही. म्हणून काळविटांचा नित्य वावर असलेल्या गावांत दर एकरी ठरावीक रक्कम हंगामाच्या सुरुवातीलाच द्यावी, पंचनाम्याशिवाय. तिचा दर मुंबईत बसून ठरवायचे कारण नाही; तूर, उडीद, हरभरा यांचे रोजचे भाव दुधनीच्या बाजार समितीत लिहिले जातात, त्यांवरून तो काढता येतो. खोटे दावे होतील हा आक्षेप येईल. थोडे होतीलही. पण सरसकट दर लहान असतो, त्यात खोटे बोलून मिळवण्यासारखे फारसे नसते, आणि आज खऱ्या दाव्यांतले जे बुडतात त्यांचा अन्याय याहून फार मोठा आहे.

गाव ठरवायचे तर मोजणी लागेल, आणि इथे फासेपारधी पुन्हा येतात. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. पारध्यांवरही तो बसला, आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड अशा लोकांची वसाहत उभी राहिली. १९५२ मध्ये शिक्का कायद्याने पुसला गेला, पोलिसांच्या आणि गावांच्या मनातून गेला नाही. १९७२ नंतर त्यांची उपजीविकाच गुन्हा ठरली, आणि बदल्यात काय हे कोणी ठरवले नाही. अमेरिकेत याचे एक करुण प्रतिरूप आहे. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात ‘याही’ नावाच्या जमातीतला ईशी हा माणूस एकटा सापडला. त्याचे लोक गोऱ्या वसाहतवाल्यांनी संपवले होते. त्याच्याकडून सॅक्स्टन पोप या डॉक्टरने धनुष्यबाणाची विद्या घेतली, आणि आजच्या हौशी धनुर्धारी शिकारीचा एक उगम तिथे आहे. ईशी १९१६ मध्ये वारला. त्याची विद्या इतरांची करमणूक झाली. आपण काळविटाच्या शिकारीचा हंगाम उघडला तर पैसे भरून मचाणावर बसणारा माणूस पारधी नसेल, हे आताच सांगता येते. पारध्याला फार तर वाटाड्याची मजुरी मिळेल. त्याऐवजी त्याला मोजणीदार म्हणून पगार द्यावा. लेंड्यांच्या ढिगावरून तिथे जाणता नर आहे की जागा रिकामी आहे, कळपात गाभण माद्या किती, पाडसे किती वाचली, हे ज्या घरांत अजून ओळखता येते ती घरे सोलापूर जिल्ह्यात आहेत. जुनी माणसे गेली की हे ज्ञानही जाईल, म्हणून यात उशीर परवडणारा नाही.

राहतो प्रश्न हद्दीचा. दुधनीच्या शिवारातला कळप कलबुर्गी जिल्ह्यात पाणी पिऊन महाराष्ट्रात चरू शकतो, आणि दोन्हीकडची वनखाती हे जनावर पलीकडचे म्हणू शकतात. भरपाई जनावराच्या मालकीवर ठेवली तर हा वाद मिटणार नाही. ती शेताच्या गटक्रमांकावर ठेवली, तर कळप कुठून आला हे विचारण्याची गरजच राहत नाही: ज्या राज्याच्या सातबाऱ्यावर शेत, त्या राज्याने पैसे द्यायचे, आणि मोजणी दोन्ही राज्यांनी एकाच आठवड्यात, शक्यतो हरभरा उगवून वर येतो त्या दिवसांत करायची.